कोहाचं व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही, डिस्क एरर येते. नोंदी वाचतील का?

ग्रंथपाल_तालुका

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमची पुस्तकसूची कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (तोच होस्ट), त्यात केव्हीएमवर डेबियन १२ चं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, आणि त्यात कोहा. त्याच्या डिस्कची फाईल क्यूकाऊ२ प्रकारची (भरेल तशी वाढणारी), कमाल १२० जीबीची.

सोमवारी वळीव कोसळला, वीज तीनदा गेली आणि आली. यूपीएसची बॅटरी महिनाभर धरत नाहीये. संध्याकाळी होस्ट नीट सुरू झाला, व्हर्च्युअल मशीन मात्र काळ्या पडद्यावर अडकतं. आधी व्हीडीएवर (आतल्या मशीनची डिस्क) आय/ओ, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या, एररच्या सात-आठ ओळी, मग ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ आणि शेवटी इनिटरॅमएफएसचा, म्हणजे अर्धवट सुरू झालेल्या मशीनचा, प्रॉम्प्ट. तीनदा सुरू करून पाहिलं, दर वेळी तेच.

नोंदी ३१ हजारांवर आहेत. त्यातली साडेचार हजार पुस्तकं १९५० च्या आधीची. त्यांची शीर्षकपानं मी आणि आमच्या शिपाईकाकांनी दोन वर्षं एकेक करून उघडली. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात यायचा. एकदा नोंद झाली की ते पुस्तक पुन्हा उघडायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून नोंदी करणं मला पटतच नाही. पेनड्राइव्हवरचा बॅकअप जानेवारीचा आहे.

‘एफएससीके -वाय’ (फाइल सिस्टिम तपासून न विचारता दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा असं वाचलं. चालवू का?

रात्रपाळी_ॲडमिन

ताई, आत्ता अजिबात नको. मशीन पुन्हा सुरूही करू नका.

खालची खरी डिस्क वाचता येत नसेल, तरी ‘-वाय’ लावलेलं एफएससीके तिथे थांबत नाही. न वाचलेला भाग बिघडला असं धरून ते फायलींच्या नोंदी पुसत जातं, आणि तेही मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहून. आधी दुखणं आतल्या मशीनचं की होस्टचं ते ठरवू. होस्टवर डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या संदेशांत) एसडीएच्या, म्हणजे खऱ्या डिस्कच्या, एरर आहेत का पाहा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा, आकडा पाहा. होस्टवर जागा किती शिल्लक आहे तेही सांगा.

जागा संपली असती तर मशीन सहसा पॉज होऊन थांबतं. इथे आय/ओ एरर थेट आतल्या मशीनला दिसतेय, म्हणून माझा संशय होस्टच्या डिस्कवर आहे.

ग्रंथपाल_तालुका

पाहिलं. जागा ६१ जीबी मोकळी आहे. डीमेसेजमध्ये एसडीएच्या ‘मीडियम एरर’च्या ओळीच ओळी. पेंडिंग सेक्टर ४८. डिस्कजवळ कान नेला तर मधूनच टक्, टक् असा आवाज येतो.

रात्रपाळी_ॲडमिन

मग तिच्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही. होस्ट बंद करा. नवी डिस्क आणा, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू सुरू करा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा. क्यूकाऊ२ फाईल साध्या कॉपीने घेऊ नका, पहिल्याच खराब सेक्टरला ती सोडून देईल. खराब भाग वगळून उरलेलं वाचणारं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, आणि कुठवर वाचलं ते नोंदणारी मॅपफाईल नव्या डिस्कवर ठेवा म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे सहज येतं ते आधी पदरात पडेल. उरलेल्यासाठी दुसरी फेरी ‘-आर३’ने. जे आलं त्याची आणखी एक प्रत करा. एक तशीच राहील, काय प्रयोग करायचे ते दुसरीवर.

डेटाबेस_नागपूर

कोहा डेबियनच्या पॅकेजमधून बसवलं असेल तर ते रोज स्वतःच डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढतं. ‘/व्हार/स्पूल/कोहा’मध्ये तुमच्या इन्स्टन्सच्या नावाच्या फोल्डरात पाहा, तारखेच्या नावाची एसक्यूएल-जीझेड फाईल असते. क्यूकाऊ२ची प्रत क्यूईएमयू-एनबीडीने डिस्कसारखी रीड-ओन्ली जोडा आणि माउंट करताना ‘आरओ, नोलोड’ द्या. नोलोड विसरलात तर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आधी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) लावायला बघेल आणि लिहिता येत नाही म्हणून माउंट नाकारेल. फाईल मिळाली की ‘जीझिप -टी’ने तपासा. आतला चेकसम जुळला तर डंप धड आहे.

एक विचारते, मशीन रात्री बंद करता का? डंपचं काम पहाटे ६.२५ ला होतं.

ग्रंथपाल_तालुका

हो, रोज रात्री बंद. कुलूप लावताना काका मेन स्विच पाडतात.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी ५० मिनिटांत झाली, दुसरी रात्रभर चालली. ३८ जीबीपैकी फक्त २८ केबी आलं नाही. डंप सापडला, पण २८ एप्रिलचा. त्या रात्री अहवालासाठी मशीन चालू ठेवलं होतं. ‘जीझिप -टी’ काही बोललं नाही, म्हणजे ठीक ना? पण त्यानंतरच्या तीन आठवड्यांच्या नोंदी त्यात नाहीत.

डेटाबेस_नागपूर

काही बोललं नाही म्हणजे ठीक. मोठा भाग हाती लागला.

आता दुसऱ्या प्रतीवर एफएससीके चालवा, इथे हरकत नाही. मग मशीन सुरू करून मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) उठतं का पाहा. नाही उठलं तर कॉन्फिगमध्ये इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी, म्हणजे बिघाड असूनही डेटाबेस सुरू करायची सेटिंग, १ ठेवा. ३ च्या वर जाऊ नका, ४ पासून डेटा कायमचा बिघडू शकतो. उठलं की लगेच डंप घ्या, एखादं टेबल अडलं तर ते वगळून.

ग्रंथपाल_तालुका

झालं! १ वर मारियाडीबी उठलं. डंप एकाच टेबलावर अडत होता, ‘सेशन्स’.

डेटाबेस_नागपूर

त्यात फक्त लॉगिनची सत्रं असतात, जाऊ द्या. त्याची रचना एप्रिलच्या डंपमधून घ्या. रिस्टोअर झालं की झेब्राची (कोहाची शोधयंत्रणा) अनुक्रमणी पुन्हा बांधा, नाहीतर नोंदी असून शोधात येणार नाहीत.

ग्रंथपाल_तालुका

नव्या डिस्कवर नवं मशीन उभं केलं, डंप घातला. झेब्रा दीड तास चाललं, तोवर मी दाखल रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. शेवटचा दाखल क्रमांक ३१४०६, वळवाच्या दिवशी दुपारी लिहिलेला. शोधला, आला. मग जुन्यांतले ४० क्रमांक कुठूनही उचलून पाहिले, सगळे आले. काकांनी स्वतः चष्मा लावून खात्री केली.

डंपची वेळ आता दुपारी १ ची ठेवलीय आणि प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. यूपीएसची बॅटरी उद्या येतेय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. न उघडलेली पहिली प्रत किती दिवस जपून ठेवू?

रात्रपाळी_ॲडमिन

वार्षिक पुस्तकमोजणी होईपर्यंत ठेवा.