लेकीसाठी ड्रॉइंगचा टॅब : लातूरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर

रविवार, सकाळ

सी-३०४ ताई: नमस्कार. एक विचारायचं होतं. आमची लेक आठवीत आहे. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, आता इंटरमिजिएटची तयारी. दिवसभर मोबाइलवर बोटानं चित्रं काढत बसते. सुट्टीत ड्रॉइंगचा टॅब घेऊन द्यावा म्हणतोय. काल गंजगोलाईच्या बाजारात एका दुकानात विचारलं तर त्यानं सव्वीस हजाराचा काढून ठेवला, वर पेन वेगळा म्हणाला. आमची तयारी पाच हजारांची, फार तर सहा. कुणाला माहिती आहे का?

ए-१०२ सचिव काका: टँकर आज दोन वाजता. तोपर्यंत मोटार कोणी लावू नये. ताई, तुमचं चालू द्या.

डी-१०३ काकू: ताई, घेऊच नका. आम्ही नातवाला घेतला होता तीनशे रुपयांत. लेकरानं दोन तास बसून हत्ती काढला, धाकट्यानं बटण दाबलं, हत्ती गायब. घरात नुसती रडारड. सेव्ह होतच नाही म्हणे त्याच्यात.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: काकू, ती एलसीडी पाटी. आपल्या शाळेतल्या दगडी पाटीचीच धाकटी बहीण. तिच्यात सेव्ह कुठलं होतंय.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: ताई, घोळ सगळा नावाचा आहे. दुकानदार कशालाही टॅब म्हणतो. तुम्हाला दाखवला तो अँड्रॉइड टॅब असणार, म्हणजे मोठा मोबाइलच. त्याच्यासोबत शंभर-दोनशेला रबरी टोकाचा पेन गळ्यात मारतात, तो तर अजिबात घेऊ नका. स्क्रीनला ते रबर आणि बोट एकच वाटतं. जोर द्या नाहीतर हलकं धरा, रेघ तेवढीच. त्यापेक्षा बोट फुकट आहे.
तुम्हाला पाहिजे पेन टॅबलेट. काळी सपाट पाटी असते, तिला स्क्रीनच नसते. यूएसबीनं लॅपटॉपला जोडायची, पाटीवर पेन फिरवायचा, चित्र लॅपटॉपवर उमटतं. पेन दाबला की रेघ जाड, हात उचलत नेला की बारीक. दोन-अडीच हजारांपासून मिळतो. तीन-साडेतीनमध्ये चांगला येतो.

सी-३०४ ताई: म्हणजे काढायचं खाली आणि बघायचं वर? जमंल का तिला?

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: माउस चालवताना तुम्ही माउसकडं बघता का?

सी-३०४ ताई: हे बरोबर आहे 😄

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: पण पहिले आठ-दहा दिवस हात भांबावतो. स्वतःची सही सुद्धा नीट येत नाही. मी तर पहिल्या आठवड्यात परत डब्यात भरून माळ्यावर टाकला होता. तिला रोज अर्धा तास नुसत्या रेघा, गोल आणि आठचा आकडा काढायला लावा. चित्र नको. दोन आठवड्यांनी हाताला आपोआप कळतं.

बी-१०२ भाऊ (पुणे): आयपॅड आणि त्यावरचं चित्रं काढायचं अ‍ॅप, प्रोक्रिएट. विषय संपला. प्रोक्रिएटला एकदाच पैसे, दर महिन्याची कटकट नाही. माझ्या टीममधले सगळे डिझायनर तेच वापरतात.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: भाऊ, भारी आहे, नाही कोण म्हणतंय. पण प्रोक्रिएट आयपॅडशिवाय चालत नाही आणि आयपॅडची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते. त्यातही मेख आहे. अ‍ॅपलची ती यूएसबी-सी पेन्सिल आहे ना, तिला प्रेशरच नाही, म्हणजे हाताचा जोर कळतच नाही. नोट्स काढायला ठीक, चित्राला काय कामाची? लोक स्वस्त दिसली म्हणून घेतात आणि मग डोक्याला हात लावतात. आणि ताई सहा हजार म्हणतायत, तुम्ही पुण्याच्या पगारातून बोलायलाव.

डी-२०५: आमच्याकडं सॅमसंगचा एस६ लाइट आहे. पेन डब्यातच आला, त्याला चार्जिंग पण लागत नाही.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: तो चांगला आहे. त्याच्या पेनमागं पेन टॅबलेट बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीचंच तंत्र आहे, टॅबच्या स्क्रीनखालून मिळणाऱ्या चुंबकीय लहरींवर पेन चालतो, म्हणून सेल लागत नाही. पण ती वीस हजारांच्या पुढची गोष्ट. लेकराची हौस दोन वर्षं टिकली तर मग बघा.

बी-३०२: आठवीतच कशाला हे सगळं? नीटची फाउंडेशन बॅच चालू झाली आहे. आमच्याला लावली.

सी-३०४ ताई: तिची सकाळची बॅच आहेच हो. चित्रं बंद केली की ती अभ्यासही बंद करते. करून बघितलं आम्ही मागच्या वर्षी.

ए-१०२ सचिव काका: कृपया विषयाला धरून बोलावे.

डी-२०५: काका, विषय तुम्हीच टँकरवर नेला होता.

सी-३०४ ताई: दादा, लॅपटॉप ह्यांचा जुना आहे. विंडोज १०, रॅम ४ जीबी. त्याच्यावर चालंल का? आणि फोटोशॉप विकत घ्यावं लागतं म्हणे, ते दर महिन्याला पैसे मागतं.

बी-१०४: ताई, पेनड्राइव्ह घेऊन या. फोटोशॉप क्रॅकसकट देतो. आपल्याकडं कोण बघायलंय.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: नको, हात जोडतो. दोन वर्षांखाली ऐन लग्नसराईत मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर असंच एक फुकटातलं टाकलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या फायलींची नावं बदललेली, एक उघडंना. लग्नपत्रिका, बारशाचे फ्लेक्स, कुणाच्या चुलत्याचं अभिनंदन, सगळं पहिल्यापासून बसवलं. नवरदेवाला "फोटो परत पाठवा" म्हणताना काय लाज वाटली ते मलाच माहीत.
आणि गरजच काय? क्रिटा घ्या. ते हक्काचं फुकट आहे. केडीई म्हणून जगभरातल्या लोकांचा समूह आहे, त्यांनी मुक्त स्रोत म्हणून बनवलंय. फोटोशॉप मुळात फोटो दुरुस्त करायला जन्मलं, चित्रं त्यात नंतर आली. क्रिटा चित्र काढणाऱ्यांसाठीच आहे. पेन्सिल, शाई, वॉटरकलर, सगळ्या जातीचे ब्रश आतच येतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच सॉफ्टवेअर पैसे मागतं. ते पैसे बनवणाऱ्यांच्याच कामी येतात, द्यायचे तर खुशाल द्या, पण साइटवर तेच बिनपैशाचं आहे.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: ४ जीबीचं म्हणाल तर चालतं, पण क्रोम बंद ठेवायचं. लेकरं यूट्यूब चालू ठेवून शेजारी क्रिटा उघडतात आणि मग लॅपटॉप अडकतो म्हणतात. ए४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, घेतला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. त्याच्यावर वीस-पंचवीस लेयर, म्हणजे एकावर एक पारदर्शक थर, चढवले की जुना लॅपटॉप धापा टाकणार. सरावाला १५० डीपीआय भरपूर झालं. प्रिंट काढायची असली तरच ३००, आणि ते सुरुवातीलाच ठरवायचं. लहान कागदावर काढून नंतर मोठं केलं की चित्र फाटतं. फ्लेक्सला रोज असले फोटो येतात माझ्याकडं.
आत्ता मोबाइलवर कशात काढते ती?

सी-३०४ ताई: विचारून सांगते.

सी-३०४ ताई: इबिसपेंट म्हणायलीय. मधे मधे जाहिराती येतात म्हणे.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: मग अर्धं शिक्षण झालंय. लेयर काय असतो हे तिला मी सांगायची गरज नाही. इबिसपेंटमध्ये चित्र कसं कसं काढत गेली त्याचा व्हिडिओ बनतो. ताई, तो एकदा तुम्ही बघाच. लेकरू कुठं अडतं, काय दहा वेळा पुसतं, सगळं दिसतं त्याच्यात.

ए-२०१ कलाशिक्षक सर: मी केव्हाचा वाचतो आहे. दोन शब्द बोलू का?

ए-१०२ सचिव काका: सर, बोला की.

ए-२०१ कलाशिक्षक सर: इंटरमिजिएटला कागदच असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळे हाताने. तिथे मागे जाण्याचे बटण नसते. दहावीला वाढीव गुण मिळतात ते या परीक्षेचे, टॅबवरच्या चित्रांचे नाहीत. निवृत्तीच्या आधी शेवटची तीन-चार वर्षे मोबाइलवर काढणारी मुले पाहिली. मोठे करून करून एक पापणी तासभर रंगवतात. पापणी सुंदर, आणि चेहरा बघावा तर एक डोळा कपाळावर.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: सर, शंभर टक्के. माझंही तेच व्हायचं. क्रिटात ओव्हरव्ह्यू म्हणून एक छोटी चौकट कोपऱ्यात लावून ठेवता येते, आपण कितीही आत घुसलो तरी पूर्ण चित्र तिथं दिसत राहतं. आणि कीबोर्डवर एम दाबलं की चित्र डावं-उजवं उलटून दिसतं. कपाळावरचा डोळा लगेच पकडला जातो.

ए-२०१ कलाशिक्षक सर: आम्ही चित्रापुढे आरसा धरायचो. तेच की हे.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: तेच सर.

ए-२०१ कलाशिक्षक सर: अर्धी नक्षी काढली की उरलेली अर्धी आपोआप येते, असेही ऐकले.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: येते. अर्धी काय, एक पाकळी काढली तर अख्खं फूल येतं.

ए-२०१ कलाशिक्षक सर: मग परीक्षा होईपर्यंत ते बटण तिला दाखवू नका. ट्रेसिंग पेपर उलटा करून गिरवण्यातच हाताला वळण लागते.

सी-३०४ ताई: सर, तिला ते आधीच माहीत आहे 🙈 पण कागद बंद होणार नाही, हे मी बघते. दादा, अजून एक. ती डावखुरी आहे. डाव्या हाताचा वेगळा मिळतो का?

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: एकच असतो. पाटी उलटी फिरवून ठेवायची, बटणं दुसऱ्या बाजूला जातात, आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १८० अंश करायचं. डावखुऱ्याचा म्हणून कुणी जास्त पैसे सांगितले तर उठून या.

डी-२०५: कंपनी कोणती पण? तेच राहिलं.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: वॅकॉम जपानी आहे, १९८३ पासूनची कंपनी. त्यांचा साधा म्हणजे वन बाय वॅकॉम. ह्युऑन आणि एक्सपी-पेन चिनी, तेवढ्याच पैशांत पाटी मोठी आणि बटणं जास्त देतात. मी दोन्ही वापरलेत, लेकराला काहीही चालंल. पेनला चार्जिंग लागत नाही ना, एवढं विचारा. खोक्यावर ४०९६, ८१९२ असे आकडे छापतात, म्हणजे जोराच्या पातळ्या. वन बाय वॅकॉमला २०४८च आहेत. मी रोज आठ तास पेन धरतो, मला काही फरक कळला नाही. आकड्यांना भुलू नका. पाटीचा आकार मात्र बघा, सहा बाय चार इंचांच्या आसपास पाहिजे. त्याहून लहान घेतली की नुसतं मनगट हलतं, हात खांद्यातून फिरतच नाही.

ए-२०१ कलाशिक्षक सर: हे खडूने फळ्यावर काढायला लावले की कळते.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: आणि ताई, जोडताना नव्वद टक्के लोक इथंच अडकतात म्हणून आधीच सांगतो. रेघ उमटते पण जाड-बारीक होत नाही, असं झालं तर पेन खराब म्हणून परत पाठवू नका. क्रिटाच्या सेटिंगमध्ये टॅबलेटचं पान आहे, तिथं पेनचा जोर वाचायच्या दोन पद्धती, विनटॅब आणि विंडोज इंक, असे दोन पर्याय दिसतात. जे असेल त्याच्या उलट करा, क्रिटा बंद करून उघडा. लॅपटॉपवर दुसऱ्या कंपनीच्या पाटीचा जुना ड्रायव्हर असेल तर तो आधी काढा, दोघं एकत्र नांदत नाहीत. आणि गोल काढला तर अंडं आलं, तर पाटीचं माप स्क्रीनशी जुळलेलं नाही, ते ड्रायव्हरमध्येच जुळवता येतं. निब म्हणजे पेनचं टोक झिजतं, झिजून तिरपी झाली की पाटीवर ओरखडे पाडते. डब्यात जास्तीच्या निब असतात, त्या हरवू देऊ नका. आमच्या घरी एक झाडूत गेली.

बी-१०४: दादा, तुम्ही क्लास काढा आता. फाउंडेशन बॅच.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: ताई, एक काम करा. आज काहीच मागवू नका. माझी जुनी पाटी पडून आहे, लहानच आहे, पण चालू आहे. महिनाभर तिला वापरू द्या. महिन्यानंतरही रोज जोडत असेल तर नवीन घ्या. केबलवर धूळ बसली तर पाटी परत माझी.

सी-३०४ ताई: दादा, फार उपकार झाले. लेक पायऱ्या उतरायलीय तुमच्याकडं यायला, थांबायला तयार नाही.

ए-१०२ सचिव काका: टँकर आला. आणि लाइट गेली.

त्याच्या तिसऱ्या रविवारी

सी-३०४ ताई: [फोटो]

सी-३०४ ताई: लेकीनं काढलं. गंजगोलाई. क्रिटात.

डी-१०३ काकू: अगं बाई! मधलं देवीचं देऊळ पण काढलंय. किती गोड!

ए-२०१ कलाशिक्षक सर: इतके धूसर का दिसते आहे?

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: सर, ग्रुपवर फोटो म्हणून टाकलं की व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं. ताई, पीएनजी करून डॉक्युमेंट म्हणून टाका.

सी-३०४ ताई: [फाइल: गंजगोलाई.पीएनजी]

बी-३०२: छान आहे हो. आमच्याला दाखवलं, तो पण पाटी मागायलाय आता.

ए-२०१ कलाशिक्षक सर: बाळ, रेघ सुंदर आहे. दुकानांच्या पाट्या छान. पण गोलाई गोल वाटत नाही. डोळ्याच्या रेषेपासून वर जावे तसे लंबवर्तुळ फुगत जाते. तू खालच्या मजल्याची आणि वरच्या मजल्याची कड सारखीच काढली आहेस.

बी-४०१ फ्लेक्सवाला दादा: सर, लंबवर्तुळाचं टूल आहे त्यात. एका झटक्यात होईल.

ए-२०१ कलाशिक्षक सर: हाताने काढू दे.

सी-३०४ ताई: सर, मी बोलतेय, आईच्या फोनवरून. वरचं किती फुगवू?

ए-२०१ कलाशिक्षक सर: असे सांगून कळायचे नाही. संध्याकाळी ये. मी स्टुलावर बादली ठेवतो, खाली बसून बघ.

ए-१०२ सचिव काका: बादल्या सगळ्यांनीच भरून ठेवा. उद्या टँकर नाही.