केबल काढली, टीव्ही नेटवर लावला: तुमच्या घरी काय काय झालं?

दुपारचा चहा
काल केबलवाला येऊन सेटटॉप बॉक्स घेऊन गेला. खिडकीच्या चौकटीतून आलेली काळी वायर ओढून काढताना एकदम माहेर आठवलं, विक्रोळीचं. आमचा केबलवाला रात्री स्वतःच्या चॅनलवर पिक्चर लावायचा. आई दुपारीच फोन करून फर्माईश नोंदवायची आणि तो हमखास दुसराच लावायचा. खाली पट्टी सरकत असायची, चि. अमुक यास प्रथम वाढदिवसाच्या शुभेच्छा, नाहीतर साड्यांचा सेल. गणपतीत आमच्याच नाक्यावरचं विसर्जन लाइव्ह, त्यात आपला दादा नाचताना दिसला की घरात आरडाओरडा. २०१२ ला मुंबईत बॉक्स सक्तीचा झाला, त्यानंतर ती मजा हळूहळू गेलीच म्हणा.

आता सगळं नेटवर. टीव्ही साधा एलईडी, मागे एचडीएमआयची जागा होती म्हणून नेटवरचे ॲप टीव्हीवर दाखवणारी स्टिक खोचली. सासूबाई विचारतात, "सह्याद्री कितव्या नंबराला?" या रिमोटवर आकडेच नाहीत, काय सांगू?

येऊ द्या घरोघरचे किस्से. कंपन्यांची नावं घेऊन भांडू नका प्लीज.

रिकामटेकडा
अगदी अगदी!! बाबांच्या डायरीत मागच्या पानावर सगळे नंबर आहेत, २०१९ साली ट्रायने, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, चॅनल निवडायला लावले तेव्हाचे. पहिल्या शंभर चॅनलचे १३० रुपये, वर जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे, पेड चॅनलचे वेगळे. बाबा ती बेरीज पेन्सिलीने पुन्हा पुन्हा करायचे आणि एकेक चॅनल खोडायचे. आईचं मालिकांचं चॅनल खोडलं त्या दिवशी जेवायला पिठलं होतं, एवढंच सांगतो.

सोलापुरी चादर
रिकामटेकडा, पिठलं ही शिक्षा कधीपासून? पत्ता द्या, येतो.

तारतंत्र
चहाताई, स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिलीय का? तसं असेल तर काढा. जुन्या टीव्हीत तिथे अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकबरोबरचा अडॅप्टर एक अँपिअरचा असतो. मग मालिकेत खुनी कोण ते कळायच्या वेळेला स्टिक बंद पडून परत सुरू होते. अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावा.

दुसरं, राउटरच्या वायफायची दोन नावं दिसतील. ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान, पण भिंतींपुढे दमतं. राउटर हॉलमध्येच असेल तर ते, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४. एचडीला पाच एमबीपीएस नीट मिळाले तरी पुरतात, उगाच महागडा प्लॅन घेऊ नका.

कुकरची शिट्टी
घाईत लिहितेय. क्रिकेट!!! शेजारी अजून केबलवर. २०२४ ची टी-ट्वेंटी फायनल, शेवटची ओव्हर, आमच्याकडे हार्दिक अजून चेंडू हातात घेऊन उभा आणि भिंतीपलीकडून "कॅऽऽच!!" मिलर आउट झालेला आम्हाला आधी ऐकू आला, मग सूर्या पळताना दिसला. नवऱ्याने शेजाऱ्यांशी दोन दिवस अबोला धरला. असं का होतं कोणी सांगेल का

तारतंत्र
नेटवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं. अडकू नये म्हणून टीव्ही आधी काही तुकडे साठवतो, मग दाखवतो. तेवढे तुम्ही मागे. उपाय नाही. शेजाऱ्यांकडेच बघा मॅच.

कुकरची शिट्टी
अबोला आहे ना पण

देवरुखचा
आमच्याकडे पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. दूरदर्शनची फ्री डिश झिंदाबाद. एकदा छत्री बसवली की महिन्याला रुपया नाही, आणि सह्याद्री दिसतं. धो धो लागला की तीही जाते, पण तेव्हा लाईटही गेलेली असते, त्यामुळे वाईट वाटत नाही.

पोळी अर्धी भाजलेली
न्यू जर्सीतून. केबल कधीच बंद केली. आई इथे आली की मालिका ताजी हवी, उद्या बघ म्हटलेलं चालत नाही. भारतातली रात्री साडेआठची आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी अकराला. ऑफिसची मीटिंग चालू आणि मागे सासू-सुनेचं पार्श्वसंगीत. बॉसने एकदा विचारलंही, घरी सगळं ठीक आहे ना?

गिरणगावकर
हसून हसून पुरेवाट. बाय द वे, विक्रोळीत कुठे? कन्नमवार नगर की टागोर नगर?

दुपारचा चहा
कन्नमवार! तुम्ही पण?

गिरणगावकर
मावशी राहायची. मे महिना तिथेच. व्यक्तिगत निरोप करतो.

शांताबाईंची सून
विषय थोडा वेगळा पण वाचा सगळ्यांनी. ॲपमध्ये लॉगिन करताना टीव्हीवर कोड येतो, तो फोनवरून त्या ॲपच्याच साइटवर टाकायचा असतो. आमच्या काकांनी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पलीकडचा गोड बोलून म्हणे, ॲक्टिवेशनचे पैसे भरा आणि एक ॲप टाका म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल. काकू बँकेतून रिटायर झालेली, तिने फोन हिसकावून बंदच केला. कोड टाकायचे पैसे कोणीही घेत नाही. कोणाचे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

सोलापुरी चादर
काकूंना दंडवत.

कुकरची शिट्टी
चहाताई ते वायरचं भोक कशाने बुजवलंत? आमच्याकडून पाली येतात

दुपारचा चहा
अजून नाही बुजवलं, तूर्त कागदाचा बोळा. तारतंत्र, अडॅप्टर लावला, थांबली हो बंद पडायची, थँक्यू! सासूबाईंचा प्रश्न तसाच आहे.

देवरुखचा
प्रसार भारतीचं वेव्हज ॲप टाका, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं ते. दूरदर्शनचे चॅनल लाइव्ह दिसतात. ॲप पहिल्या ओळीत पहिलं ठेवा आणि सासूबाईंना सांगा, "एक नंबरला."

रिकामटेकडा
+१. डायरीत लिहून द्या, हातात कागद असला की माणसं शांत राहतात.

बरं, लाईट गेल्यावर नेट चालावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस घ्यायचाय. कुठला घेऊ?

तारतंत्र
राउटरच्या अडॅप्टरवर बहुतेक १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच घ्या. पण लाईट गेल्यावर टीव्ही कशावर चालणार?

रिकामटेकडा
इन्व्हर्टरवर.

तारतंत्र
मग राउटरही इन्व्हर्टरवरच लावा की हो!

रिकामटेकडा
तो प्लग बाबांच्या खोलीत आहे. तिथे रेडिओ लावलाय.