बेपत्ता, हरवलेल्या की हिरावलेल्या?

प्रश्न: कॅनडातल्या आदिवासी स्त्रियांचे खून आणि त्यांचं नाहीसं होणं, यावर लिहिते आहे. ५ मे रोजी तिथे त्यांच्या आठवणीत झाडांना रिकामे लाल झगे टांगतात. 'मिसिंग'साठी कोणता शब्द घ्यावा? आणि 'ॲडव्होकसी'साठी? 'वकिली'ने कोर्टच आठवतं.

प्रतिसाद: 'बेपत्ता' घ्या. 'परागंदा'मध्ये स्वतःहून गाव सोडल्याचा अर्थ आहे, 'फरार'ला गुन्ह्याचा वास. आपल्या बातम्यांतलं 'घरातून निघून गेली' मात्र कटाक्षाने टाळा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स रूपर्ट ते प्रिन्स जॉर्ज हा सुमारे ७२० किलोमीटरचा रस्ता आहे, लोक त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. वस्ती तुरळक, बसची पुरेशी सोय नव्हती, म्हणून मुली येणाऱ्या गाडीला हात दाखवायच्या. कित्येक परतल्याच नाहीत. 'गेली असेल कुठे, येईल' असं एकदा ठरवलं की शोध घ्यायला कोण निघणार?

प्रतिसाद: 'बेपत्ता' बरोबर आहे, पण नातेवाईक स्वतः 'चोरून नेलेल्या बहिणी' म्हणतात. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या २००४ च्या अहवालाचं नावही तेच. मराठीत 'चोरलेल्या' माणसाला लावणं खटकतं. मी 'हिरावलेल्या' लिहीन, त्यात हिरावणारा कुणीतरी असतो. आकडे देताना मात्र 'बेपत्ता'च: पोलिसांच्या २०१४ च्या अहवालात १९८० ते २०१२ या काळातले १,०१७ खून आहेत, आणि त्याआधीपासूनच्या धरून १६४ बेपत्ता स्त्रिया.

'ॲडव्होकसी'साठी 'पाठपुरावा'. कॅनडातल्या विनिपेग शहराजवळच्या प्रेअरी ग्रीन कचराडेपोत खून झालेल्या दोन आदिवासी स्त्रियांचे मृतदेह असावेत असं पोलीसच मानत होते, तरी २०२२ मध्ये 'शोध शक्य नाही' म्हणून त्यांनी हात वर केले. त्या स्त्रियांच्या लेकी आणि नातलग मागे हटले नाहीत. ठिय्ये दिले, राजधानी ओटावा गाठलं, प्रांताचं सरकार बदललं तरी मागणी सोडली नाही. २०२४ च्या डिसेंबरात कचरा उपसायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये दोघींचे अवशेष मिळाले. याला 'जनजागृती' म्हणू नका, फार फिकं होतं.

प्रतिसाद: 'रेड इंडियन' कुठेही येऊ देऊ नका. 'आदिवासी' चालेल, आणि समाजाचं नाव माहीत असेल तर तेच द्या: क्री, इनुइट, मेटी.

आणखी एक. या खुनांची आणि बेपत्ता होण्याची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या राष्ट्रीय आयोगाने २०१९ मध्ये २३१ मुद्दे मांडले, त्यांना मराठीत सर्रास 'शिफारशी' म्हणतात. शिफारस मानली तर मानली. आयोगाने मात्र ही कायदेशीर बंधनं आहेत, ऐच्छिक नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा 'न्यायाच्या मागण्या' लिहा.