मदत हवी आहे: सहा आठवड्यांत लाँच, आणि प्रॉडक्ट मार्केटिंगचा 'आकडा' मागतायत

सायली_म
मी प्रॉडक्ट मार्केटिंग बघते, म्हणजे प्रॉडक्ट कोणासाठी आणि का, हे ग्राहकांना सांगणं माझं काम. सहा आठवड्यांनी लाँच आहे. प्रॉडक्टवाले म्हणतात, तयार झालं की सांगतो, मग तू पान लिही. सेल्सला दर दोन दिवसांनी नवा डेक (स्लाइड्सचं सादरीकरण) हवा. मॅनेजमेंटला माझ्या नावावर एक आकडा हवाय, ज्यावरून माझं काम मोजता येईल, तोही शुक्रवारपर्यंत. मजकूर आता एआय लिहितं, मग तुझ्याकडे काय उरलं, हेही विचारून झालंय. कोणता आकडा घेऊ? थेट सांगा, प्लीज.

खडूफळा
लोक स्वतः साइनअप करून घेतात की सेल्स डेमो देऊन विकतं? नवं प्रॉडक्ट आहे की जुन्यातलं फीचर? हे कळल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे अंधारात तीर.

उभा_आडवा
ते काहीही असो, आधी हरलेल्या सौद्यांतल्या ग्राहकांच्या मुलाखती घ्या. आठ-दहा पुरतात. निर्णय होऊन महिना-दीड महिन्याच्या आत, अर्धा तास, आणि ज्याने सौदा हाताळला त्या सेल्सच्या माणसाला कॉलवर बसवू नका. 'का घेतलं नाही' असं विचारलंत तर 'महाग वाटलं' एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा: शोधायला सुरुवात केली त्या आठवड्यात काय घडलं होतं? यादीत आणखी कोण होतं? ऑफिसात कोणी विरोध केला? ज्यांनी कोणाचंच काही घेतलं नाही, त्यांनाही गाठा. तिथे तुमचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्यांची जुनी एक्सेल शीट असते.
सीआरएममधल्या (सौद्यांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधल्या) 'कारण' रकान्यावर विसंबू नका. ड्रॉपडाउनमध्ये 'किंमत' पहिली असेल तर घाईत तीच निवडली जाते.

अर्धविराम
@उभा_आडवा, सहा आठवड्यांत वेळा ठरवण्यातच तीन जातील. आता प्रॉडक्ट मार्केटिंगचं खरं काम प्रॉडक्टच्या आत आहे. साइनअपपासून पहिला उपयोग होईपर्यंतचे सगळे स्क्रीन काढा आणि प्रत्येकावर किती जण गळतात ते मांडा. 'फाइल इम्पोर्ट करा' हा स्क्रीन बघा. रकान्यांची नावं जुळली नाहीत की एरर येतो आणि माणूस टॅब बंद करतो. तिथे नमुना फाइल आणि दोन ओळींची सूचना द्या. लाँचच्या पानावर कितीही घासलेलं वाक्य टाकलं तरी ही गळती थांबत नाही.

उभा_आडवा
गळती कुठे होते ते दिसेल, का होते ते नाही. आणि साइनअपच न करणारा तुमच्या आलेखात येतच नाही.

निळी_शाई
किमतीसाठी डच अर्थतज्ज्ञ व्हॅन वेस्टेनडॉर्पची १९७६ची पद्धत वापरा. चार प्रश्न: कोणत्या किमतीला इतकं महाग की विचारच करणार नाही, कोणत्या किमतीला इतकं स्वस्त की दर्जाची शंका येईल, कितीला महाग पण विचार करण्याजोगं, आणि कितीला फायद्याचा सौदा. चारही वक्र एकाच आलेखावर काढले की स्वीकारार्ह पट्टा दिसतो. फक्त प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्यांनाच विचारा.

सायली_म
किंमत ठरली आहे, तो प्रश्नच नाही. @खडूफळा, दोन्ही आहे: छोटे ग्राहक ट्रायल घेतात, मोठ्यांना सेल्स. आणि हे नवं प्रॉडक्ट नाही, जुन्यातच रिपोर्टचं मॉड्यूल येतंय. लिहिलं होतं ना?

परिघ
नव्हतं लिहिलं :) अवांतर: ही पदंच एक होत चालली आहेत. एअरबीएनबीने प्रॉडक्ट मॅनेजमेंट आणि प्रॉडक्ट मार्केटिंग एकत्र केल्याचं त्यांचा सीईओ ब्रायन चेस्कीने २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं. तुम्हीही प्रॉडक्टमध्येच जागा मागा.

अर्धविराम
@परिघ, एकत्र असणं हीच जुनी पद्धत आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉयने तीन पानी टिपणात मांडलेला 'ब्रँड मॅन' विक्रीचे आकडे, बाजारातली पाहणी, जाहिरात हे सगळं एका ब्रँडपुरतं बघत होता. फाटे नंतर फुटले.

खडूफळा
धाग्यावर परत येऊ. आता चित्र स्पष्ट झालं.
सायली, एकूण उत्पन्न तुमच्या नावावर घेऊ नका. त्यात किंमत, दर्जा, सेल्सचा माणूस सगळं मिसळलेलं असतं. घसरलं तर का ते सांगता येत नाही, वाढलं तर श्रेय सिद्ध करता येत नाही. दोन आकडे घ्या.
एक, वापर: लाँचनंतर ३० दिवसांत किती खात्यांनी पहिला रिपोर्ट बनवून दुसऱ्या कोणाला पाठवला. मॉड्यूल उघडून बघितलं म्हणजे वापर झाला असं धरू नका. कुतूहलाने सगळेच उघडतात. हा आकडा प्रॉडक्ट मॅनेजरसोबत सामायिक ठेवा: स्क्रीन त्यांचे, सांगणं तुमचं.
दोन, मोठ्या सौद्यांत ज्याच्याशी सर्वांत जास्त वेळा गाठ पडते त्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा विन रेट, म्हणजे अशा सौद्यांपैकी किती टक्के आपण जिंकले. मागच्या दोन तिमाह्यांचा आजच काढून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सौदे मोजकेच असतील तर टक्क्याशेजारी संख्याही लिहा.
आणि 'तयार झालं की सांगतो' हे मान्य करू नका. याच आठवड्यात एक पान लिहून प्रॉडक्टकडे पाठवा: हे कोणासाठी, आज ते हे काम कशाने करतात, त्यात काय अडतं, आपण ते कसं सोडवतो आणि पुरावा काय. यातली एखादी ओळ रिकामी राहिली तर तो प्रश्न लाँचआधी सुटायला हवा. एआय मसुदा देईल, पण ग्राहकाशी बोलल्याशिवाय 'काय अडतं' ही ओळ खरी होत नाही. म्हणून @उभा_आडवा यांच्या मुलाखती दहा नाही, पण चार तरी घ्याच.
सेल्सला डेकऐवजी प्रतिस्पर्ध्यावरचं एक पानी कार्ड द्या: ते काय म्हणतात, त्यात खरं काय, आपण कोणता प्रश्न विचारायचा. जिथे आपण खरोखर कमी पडतो तेही लिहा. ते लपवलं की पहिल्याच डेमोनंतर कोणी कार्डाला हात लावत नाही.

सायली_म
हे चालेल. वापराचं प्रमाण काढताना छेदात एकूण ग्राहक घेऊ?

खडूफळा
नाही. ज्यांच्या प्लॅनमध्ये मॉड्यूल मिळतं आणि जी खाती मागच्या ३० दिवसांत एकदा तरी लॉगइन झाली, तेवढीच. ही व्याख्या शुक्रवारच्या मेलमध्येच लिहून द्या.