स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ करणारा आजार, किडनी-फुप्फुसालाही धरू शकतो): रुमॅटॉलॉजिस्टची (संधिवात आणि अशा आजारांचे डॉक्टर) तारीख तीन आठवड्यांनी, तोवर काय करावं?

पामबीच: वहिनी, वय 38, ऐरोलीला ऑफिस. एसीत बसलं की दोन्ही हातांची बोटं पांढरीफटक, मग निळी, ऊब मिळाली की लाल. सहा महिन्यांत कातडी इतकी ताठ झालीय की चिमटीत येत नाही, अंगठीही निघत नाही. रक्तातल्या अँटीबॉडींच्या तपासण्या, एएनए आणि एससीएल-70, दोन्ही पॉझिटिव्ह. शेजारचे म्हणतात, प्रेडनिसोलोन घ्या, सूज उतरेल.

खाडीकाठ: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, मनाने मुळीच नको! या आजारात स्टेरॉइडने, त्यातही दिवसाला 15 मिलिग्रॅमच्या वर, रीनल क्रायसिसचा धोका वाढतो: बीपी एकदम चढतो आणि किडनी झपाट्याने बिघडते. दंडाला बांधायचं बीपी मशीन आजच आणा. आठवड्यातून तीनदा, ठरावीक वेळी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा वरचा 30 किंवा खालचा 20 ने वाढला, किंवा डोकं ठणकून धूसर दिसू लागलं, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. तिथे 'स्क्लेरोडर्मा' हा शब्द आधी सांगा, कारण यात कॅप्टोप्रिलच्या गटातलं बीपीचं औषध लगेच लागतं. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी आत्ताच करून ठेवा.

नेरुळ सेक्टर 6: एससीएल-70 असला की फुप्फुसाकडे आधी बघायचं. साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीचा फायब्रोसिस (फुप्फुस घट्ट होणं) त्यात दिसत नाही. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन), डीएलसीओसकट (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणं) पीएफटी म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी, आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतील. नुसती स्पायरोमेट्री (नळीत फुंकायची चाचणी) करून पाठवतात, म्हणून बुकिंग करतानाच 'डीएलसीओ आहे ना?' विचारा. गारठलेल्या बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. हात शेकून मोजा.

खाडीकाठ: अंगठी सोनाराकडून कापून घ्या, उद्याच. आधीच रक्त कमी पोचतंय, त्यात तो फास नको.

पामबीच: हातमोजे आणलेत. अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, चालेल ना?

नेरुळ सेक्टर 6: त्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळू शकतात. एकदम बंद करू नका, पण ज्यांनी दिलंय त्यांना आजच फोन करून पर्याय विचारा. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिनही टाळा. आणि नुसते हातमोजे पुरत नाहीत, अंग गार पडलं तरी बोटं पांढरी होतात. ऑफिसात स्वेटर, पायांत लोकरी मोजे. बोटाच्या टोकाला जखम झाली किंवा काळं पडलं तर फोटो काढून लगेच दाखवा.