पुरवठा करारातील दंड, दायित्व आणि समाप्तीची कलमे : सही करण्यापूर्वी कोणती बदलून घ्यावीत?

ओतकाम_शिरोली यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. आजवर सगळा व्यवहार पर्चेस ऑर्डरवर चालला आणि वाद झालाच तर तो फोनवर मिटला. आता एका मोठ्या ग्राहकाने वर्षभराच्या पुरवठ्यासाठी चौतीस पानांचा इंग्रजी मसुदा पाठवला आहे. आठवड्याला ८०० नग, प्रत्येकी ४२० रुपये, म्हणजे आठवड्याचा माल ३,३६,००० रुपयांचा आणि वर्षाचा सुमारे पावणेदोन कोटींचा होतो. आमच्या मानाने हे काम मोठे असल्यामुळे ते सोडवत नाही.

मसुद्यातील चार कलमांनी झोप उडवली आहे. पहिले असे की, पुरवठ्यास उशीर झाल्यास दर आठवड्याला कराराच्या एकूण मूल्याच्या एक टक्का रक्कम बिलातून कापली जाईल, तिला कमाल मर्यादा नाही आणि त्यासाठी नुकसान सिद्ध करण्याची गरज राहणार नाही. दुसरे म्हणजे आमच्या कास्टिंगमुळे (ओतीव भागामुळे) त्यांची असेंब्ली लाइन थांबली, तर बुडालेल्या नफ्यासह प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सर्व नुकसान आम्ही भरून द्यायचे. तिसरे, त्यांना कोणतेही कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवता येईल, आम्हाला मात्र एकशे ऐंशी दिवस आधी कळवावे लागेल. चौथे, आमचा कोणताही दावा नव्वद दिवसांत दाखल झाला नाही तर तो कायमचा संपुष्टात येईल आणि सर्व वाद गुरुग्राम येथेच चालतील.

शिवाय या कामासाठी धातूचा नवा पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (भागातील पोकळीसाठी लागणारा गाभा बनवण्याची पेटी) करावे लागणार आहेत. त्याचा साडेसहा लाखांचा खर्च आमच्याच माथी आहे. आमचे सनदी लेखापाल म्हणतात, "सही करा, असली कलमे कोणी वापरत नाही." हे खरे आहे का?

कायदा_आणि_काथ्याकूट

"कोणी वापरत नाही" या भरवशावर सही करणे म्हणजे गळ्यात दोर अडकवून तो कोणी ओढणार नाही असे मानणे आहे. मात्र ही चारही कलमे जशी लिहिली आहेत तशीच न्यायालयात टिकतील असेही नाही, म्हणून कोणते किती टिकते ते आधी पाहू.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७४ प्रमाणे, करारभंगासाठी एखादी रक्कम आधीच लिहून ठेवली असली तरी पीडित पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. इंग्लंडच्या कायद्यात नुकसानीचा आगाऊ अंदाज आणि धाक दाखवण्यासाठीचा दंड असा भेद केला जातो, तो आपल्याकडे या कलमाने बराचसा पुसून टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे स्पष्ट केले. त्या व्यवहारात खरेदीदाराने एक हजार रुपये विसार आणि पुढे चोवीस हजार रुपये दिले होते. करार मोडल्यावर विक्रेत्याला विसाराचे हजार ठेवून घेता आले, परंतु चोवीस हजार जप्त करण्याची अट दंडाच्या स्वरूपाची ठरली.

मला त्याहून बोलका वाटतो तो १९६९ चा मौला बक्ष यांचा खटला. सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरवण्याचे कंत्राट, दोन अनामत रकमा मिळून साडेअठरा हजार रुपये आणि पुरवठ्यात कसूर. सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाचे म्हणणे असे की, बटाट्याचा बाजारभाव उपलब्ध असतो, माल बाहेरून जास्त दराने घ्यावा लागला असेल तर ते दाखवता आले असते, आणि ज्याअर्थी नुकसान सिद्ध करणे शक्य असूनही ते सिद्ध केले नाही, त्याअर्थी अनामत परत करावी. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालाने हीच दिशा पक्की केली : नुकसान झालेच नसेल तर भरपाई नाही, आणि ते मोजता येण्यासारखे असेल तर मोजून दाखवावे लागते. उलट बाजूला २००३ चा सॉ पाइप्स निकाल आहे, ज्यात नुकसान मोजणे अवघड असेल तेथे आधी प्रामाणिकपणे ठरवलेली रक्कम मान्य होऊ शकते असे म्हटले आहे, आणि तुमचे ग्राहक त्याचाच आधार घेतील.

आता तुमचा आकडा पाहा. एकूण मूल्याच्या एक टक्का म्हणजे १,७४,७२० रुपये. एका आठवड्याचा ३,३६,००० रुपयांचा माल सात दिवस उशिरा गेला, तर त्या मालाच्या ५२ टक्के रक्कम कापली जाणार. याला प्रामाणिक अंदाज म्हणणे कोणत्याही वकिलाला जड जाईल.

लाइन थांबण्याबाबत कलम ७३ सांगते की, करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे, किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना ठाऊक असलेले नुकसानच मिळते. दूरचे आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. या तत्त्वाचे मूळ १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लिश खटल्यात आहे, आणि ओतकाम करणाऱ्याला तो सहज कळेल. ग्लॉस्टरच्या गिरणीची क्रँक शाफ्ट मोडली, ती नव्या शाफ्टचा नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवली, वाहतूकदाराने उशीर केला आणि तोवर गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही, कारण शाफ्टवाचून गिरणी ठप्प आहे ही गोष्ट वाहतूकदाराला माहीत असल्याचे धरले गेले नाही. तुमच्यासारख्या मसुद्यांत मात्र "लाइन थांबल्यास नफा बुडतो हे पुरवठादारास ज्ञात आहे" असे लिहून ही पळवाट अनेकदा आधीच बुजवली जाते. तसे वाक्य तुमच्या मसुद्यात आहे का ते शोधा.

निवृत्त_खरेदीवाला

वरील कायदेशीर विवेचन बरोबर आहे, परंतु ते पाच-सात वर्षांनी उपयोगी पडणारे आहे. मी सव्वीस वर्षे खरेदी विभागात काढली आणि असे मसुदे पुरवठादारांकडे पाठवण्याचे कामही केले, त्यामुळे पलीकडच्या खिडकीतून काय दिसते ते सांगतो. पैसे ग्राहकाच्या हातात असतात. तो डेबिट नोट (पैसे वजा केल्याची लेखी सूचना) काढतो, बिलातून वजावट होते, आणि न्यायालयात जाण्याची पाळी पुरवठादारावर येते. कलम ७४ कितीही उदार असले तरी आठवड्याचे पगार त्यातून होत नाहीत. म्हणून वजावटीचे कलम मसुद्यातच आवळून घ्यावे लागते.

विधी विभाग कोणते कलम पूर्णपणे काढून टाकत नाही, पण त्याला मर्यादा घालायला तयार होतो. "कराराचे एकूण मूल्य" या शब्दांच्या जागी "विलंब झालेल्या मालाचे मूल्य" असे लिहून मागा, दर आठवड्याला अर्धा टक्का आणि एकूण कमाल पाच टक्के ठेवा, आणि ही रक्कम हाच विलंबावरील एकमेव उपाय राहील असे वाक्य घाला. शेवटचे वाक्य नसेल तर ते पाच टक्केही कापतील आणि लाइन थांबल्याचे बिलही पाठवतील. एकूण दायित्वाला मागील बारा महिन्यांच्या बिलांइतकी मर्यादा मागितली, तर पहिल्या बैठकीत नकार मिळेल आणि तिसऱ्या बैठकीत बहुधा होकार मिळेल. जाणूनबुजून केलेला भंग आणि माणसाला झालेली इजा या दोन गोष्टी ते मर्यादेबाहेर ठेवतील, त्यावर वाद घालू नका.

नाकारलेल्या मालाचे कलम तुम्ही सांगितलेले नाही, पण खरा पैसा तिथे जातो. कास्टिंगमधला ब्लो होल (आत अडकलेल्या वायूमुळे पडलेले छिद्र) मशिनिंग झाल्यावरच दिसतो, आणि मग ४२० रुपयांच्या नगाबरोबर मशिनिंगचे तीनशे-साडेतीनशे रुपयेही तुमच्या खात्यावर डेबिट होतात. नाकारलेला नग तुम्हाला पाहायला मिळाला पाहिजे आणि डेबिट नोट येण्याआधी संयुक्त तपासणीसाठी दहा दिवस मिळाले पाहिजेत, हे लिहून घ्या. मी स्वतः असे न लिहिलेल्या पुरवठादारांच्या डेबिट नोटा डोळे झाकून मंजूर केलेल्या आहेत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ओतकाम_शिरोली

दोघांचेही आभार. ते "ज्ञात आहे" असे वाक्य खरोखरच सत्राव्या पानावर सापडले. मालाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतील असेही त्यात आहे, ते मी घाईत लिहायचे विसरलो. आमची लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी झालेली आहे. करार समाप्तीबद्दल आणि नव्वद दिवसांच्या मुदतीबद्दल कोणी सांगेल का? मुख्य भीती अशी आहे की, आम्ही पॅटर्न करावा आणि चौथ्या महिन्यात त्यांनी नोटीस पाठवावी.

कायदा_आणि_काथ्याकूट

तुमची भीती रास्त आहे, आणि माझ्या मते चारही कलमांपैकी हेच सर्वांत महाग आहे. नोटीस देऊन केव्हाही संपवता येणारा करार न्यायालय सहसा पुन्हा जिवंत करून देत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या १९९१ च्या निकालात वितरकाचा करार संपवणे चुकीचे ठरले, तरीही त्याला वितरण परत मिळाले नाही. करारात तीस दिवसांच्या नोटिशीची सोय असल्यामुळे भरपाई तेवढ्याच तीस दिवसांच्या उत्पन्नाची मिळाली. याचा अर्थ असा की, नोटिशीची मुदत केवळ तयारीसाठी दिलेला अवधी नसतो. करार अकाली संपला तर तुमच्या हाती काय पडेल याचे मापही बहुधा तीच ठरवते. तीसऐवजी नव्वद दिवस मिळवलेत तर ते माप तिप्पट होते. त्यासोबत, समाप्तीच्या दिवशी तयार असलेला माल, भट्टीपासून फिनिशिंगपर्यंत अर्धवट असलेला माल आणि पॅटर्नची न फिटलेली किंमत ग्राहक देईल असे स्वतंत्र कलम घाला. साडेसहा लाखांचा पॅटर्न ४०,००० नगांवर पसरला तर प्रत्येक नगामागे सव्वासोळा रुपये येतात. जितके नग उचलले गेले नाहीत तितक्यांचे सव्वासोळा रुपये देय राहतील, असे सरळ गणितात लिहिलेले बरे.

कसुरीमुळे होणाऱ्या समाप्तीत "कोणताही भंग" या शब्दांना हरकत घ्या. भंग गंभीर स्वरूपाचा असावा, लेखी नोटीस मिळावी आणि दोष दूर करण्यासाठी तीस दिवस मिळावेत.

नव्वद दिवसांनंतर दावा संपुष्टात येईल ही अट मात्र दुबळी आहे. ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट होईल अशी तरतूद १९९७ च्या दुरुस्तीपासून करार अधिनियमाच्या कलम २८ खाली शून्य ठरते. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत अधिनियमाप्रमाणे तीन वर्षे मिळतात. त्या अटीवर वाटाघाटीतील आपली ताकद खर्च करू नका.

पैशाच्या नव्वद दिवसांचे उत्तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये आहे. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, करारात काहीही लिहिलेले असो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते, म्हणून पोचपावतीवरील तारीख जपून ठेवा. थकीत रकमेसाठी पुरवठादार याच कायद्याखालील ज्या सुविधा परिषदेच्या हद्दीत आहे तिथे अर्ज करता येतो, खरेदीदार देशात कुठेही असला तरी. पण ही वाट पुरवलेल्या मालाच्या पैशांसाठी आहे. पॅटर्नच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबू नका, आणि म्हणूनच तो करारात यायला हवा.

आणखी एक गोष्ट पहिल्या उत्तरात राहिली. करार अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, मुदत महत्त्वाची असूनही ग्राहकाने उशिरा आलेला माल घेतला आणि घेतेवेळी भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर नंतर त्याला त्या विलंबाची भरपाई मागता येत नाही. तीन महिन्यांनी अवतरणाऱ्या डेबिट नोटेला हे चांगले उत्तर आहे. मात्र "विलंबित माल स्वीकारल्याने खरेदीदाराचे हक्क कमी होत नाहीत" असे वाक्य मसुद्यात असल्यास हा आधार दुबळा होतो.

भट्टीवाला

मी तुमचा शेजारीच म्हणायला हवा, आमचे युनिट गोकुळ शिरगावला आहे. सगळ्यांनी महत्त्वाचे सांगितले, फक्त पुराबद्दल कोणी बोलले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी चढून शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. २०१९ मध्ये आमचा भरलेला ट्रक पुलाच्या अलीकडे उभा राहिला आणि ग्राहकाने त्या आठवड्याचा विलंब दंड कापला, कारण करारात आपत्तीचे कलमच नव्हते. आम्ही वकिलाकडे गेलो तेव्हा कळले की, करार अधिनियमाचे कलम ५६ अशक्य झालेल्या कराराला लागू होते, आठवडाभर रस्ता बंद असणे त्यात बसवणे कठीण आहे. आता आमच्या प्रत्येक करारात "पूर, महामार्ग बंद होणे, वीजपुरवठा सलग बारा तासांहून अधिक खंडित होणे" हे शब्द नावानिशी असतात. नुसते "दैवी आपत्ती" लिहून भागत नाही, कारण वीज जाणे दैवी आहे की नाही यावरच पत्रव्यवहार सुरू होतो.

पॅटर्नबद्दल एक अनुभव. आमच्या एका करारात पॅटर्नची किंमत आम्ही भरली, पण मालकी कोणाची हे लिहिले नव्हते. करार संपल्यावर ग्राहकाने तो मागितला, आम्ही दिला नाही, आणि त्यांनी शेवटची दोन बिले अडकवून ठेवली. तो अजून आमच्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून आहे, आणि त्यावर त्यांच्या भागाचा क्रमांक कोरलेला असल्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्याही कामाचा नाही.

ओतकाम_शिरोली

आज संध्याकाळी त्यांना पाच बदल कळवले : विलंब झालेल्या मालावर कमाल पाच टक्के आणि तोच एकमेव उपाय, बारा महिन्यांच्या बिलांची दायित्व मर्यादा, दोघांनाही नव्वद दिवसांची नोटीस, पॅटर्नची मालकी आमची आणि न उचललेल्या नगांमागे सव्वासोळा रुपये, आणि पुराचे कलम महामार्गाच्या नावासह. सत्राव्या पानावरचे वाक्य खोडायला सांगितले आहे. गुरुग्रामचा मुद्दा सोडून दिला. उत्तर येईपर्यंत पॅटर्न मेकरला आगाऊ रक्कम देणे थांबवले आहे.