मदत हवी आहे: मॉलीच्या लेपाला पर्यावरणपूरक पर्याय (तातडीचं)

उडती_बिजागरी:
नमस्कार. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा (मॉलीचा) स्प्रे मारून भट्टीत भाजतो, तो लेप इथून पुढे चालणार नाही असं ग्राहकाने कळवलंय. 'पर्यावरणपूरक घन वंगण वापरावे', बस. पार्ट एरोस्पेसचा आहे. तेल-ग्रीस चालत नाही हे वेगळं सांगायला नको. शुक्रवारी रिव्ह्यू आहे, तेव्हा थेट नावं सुचवा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी पुढे जावं, ते करून झालंय.

तेलकट:
ग्राफाइट. विषारी नाही, वितळत नाही, कुठेही मिळतं. भट्टीच्या साखळीवर मी वर्षानुवर्षं तेच लावतोय. विषय संपला.

निर्वातवासी:
तेलकटराव, संपला कसला! ग्राफाइटच्या पापुद्र्यांवर पाण्याची वाफ चिकटलेली असते तोवरच ते घसरतं. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावर जायला लागली तेव्हा हे कळलं. तिथली हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे जनरेटरचे कार्बन ब्रश बघता बघता भुकटी व्हायचे. निर्वातात तर बोलायलाच नको. शिवाय ग्राफाइट ॲल्युमिनियमला लागून राहिलं आणि ओल आली, की गंज ठरलेला.
धागाकर्ते, पार्ट हवेत चालणार की निर्वातात?

चौकस_चष्मा:
आणि 'चालणार नाही' म्हणजे त्यातलं नेमकं काय चालणार नाही? मॉली हे पाण्यात न विरघळणारं खनिज आहे, खाणीतून निघतं. त्याच्यावरच कोणी काट मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. भानगडी असतात त्या सोबतच्या मंडळींच्या. जुन्या लेपांत शिशाची संयुगं असायची, अनेकांत आजही अँटिमनी ट्रायऑक्साइड असतं, आणि रेझिन (पूड धातूला चिकटवून ठेवणारं राळेसारखं द्रव्य) पातळ करायला टोल्युइन, एमईके वगैरे द्रावक. ग्राहकाला यातलं काय खुपतंय?

उडती_बिजागरी:
यादीत शिसं, अँटिमनी आणि पीफास (न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) आहे, वर 'उडून जाणारे द्रावक कमीत कमी'. हल्ली सगळीकडे हेच असतं म्हणून लिहिलं नव्हतं. कोणी नावं सुचवेल का?

घसरगुंडी:
एवढा काथ्याकूट कशाला? टेफ्लॉनचा लेप द्या. २६० अंशांपर्यंत टिकतो, निर्वातातही चालतो.

चौकस_चष्मा:
प्रश्न वाचून प्रतिसाद देण्याची पद्धत बंद झाली का? यादीत पीफास आहे. टेफ्लॉन पीफासमध्येच येतं.

घसरगुंडी:
वाचलंय हो. टेफ्लॉन कशाशीही अभिक्रिया करत नाही, अंगात भिनत नाही. घातक होतं ते बनवताना वापरायचे ते पीएफओए. सगळ्यांना एका माळेत ओवणं अशास्त्रीय आहे.

चौकस_चष्मा:
अशास्त्रीय असेलही. पण जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्या रसायन संस्थेकडे निर्बंधांचा जो प्रस्ताव दिला, त्यात टेफ्लॉनसारखे फ्लोरोपॉलिमरही धरलेत. उपग्रहांत वापरतात ती पीएफपीई ग्रीसंसुद्धा त्याच कुटुंबातली. ग्राहकाने ते बघूनच यादी केली असणार. त्याच्या यादीशी भांडून शुक्रवारचा रिव्ह्यू पार पडत नाही.

अवांतरकर:
अवांतर: एका पार्टवर लेप किती, चिमूटभर? तो जाणार आभाळात. आणि खाली रॉकेट धुराचे लोट सोडणार त्याचं काय? निव्वळ कागदी पर्यावरण.

जुना_फिटर:
अवांतरकर, लेप आभाळात जातो, पण तो मारणारा माणूस खालीच असतो. स्प्रे बूथमधला द्रावकाचा वास, पार्ट पुसलेली फडकी, चुकलेला लेप वाळूच्या माऱ्याने काढल्यावर उरलेली धूळ, हे सगळं शॉपमध्येच राहतं. ट्रायऑक्साइडची पूड कर्करोगाच्या संशयितांत गणतात. ती श्वासातून जाते, उपग्रहाला श्वास नसतो.
असो. बिजागरीसाहेब, निर्वातवासींच्या प्रश्नाला उत्तर द्या की.

निर्वातवासी:
परत विचारतो. हवा की निर्वात? पिनेचा धातू? समोरचा धातू? तापमान? किती वेळा हलणार?

उडती_बिजागरी:
उपग्रहाच्या पॅनेलची बिजागरी आहे. माझ्या आयडीवरून वाटलं कळेल. टायटॅनियमची पिन, ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचा बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी). कक्षेत एकदाच उघडते. सध्या दोन्हीवर लेप देतो.

पांढरा_ढग:
हेक्झागोनल बोरॉन नायट्राइड! याला पांढरं ग्राफाइटच म्हणतात. पांढरंशुभ्र, निरुपद्रवी, सौंदर्यप्रसाधनांतही घालतात. यापेक्षा हिरवं काय असणार?

निर्वातवासी:
रचना ग्राफाइटसारखी आणि खोडही ग्राफाइटसारखीच, निर्वातात घसरत नाही. बोरॉन नायट्राइडचा उपयोग शेकडो अंश तापमानाला, जिथे मॉली हवेत जळून ऑक्साइड होते. इथे तो प्रश्नच नाही. इथे मॉलीच हवी. कोरड्या निर्वातात तिचा घर्षणांक ०.०५ च्या खाली जातो आणि दमट हवेत कित्येक पटींनी वाढतो. ग्राफाइटच्या बरोब्बर उलट.

नवी_सभासद:
माझ्या दाराची बिजागरी फार करकरते. हा मॉली स्प्रे चालेल का?

तेलकट:
पेन्सिलीची कांडी घासा. म्हणजे ग्राफाइटच. कोणी मानो न मानो.

जुना_फिटर:
७०७५ म्हटल्यावर वेगळीच शंका आली. भट्टी किती अंशाला लावता? रेझिनचे लेप साधारण १५० अंशांना २ तास किंवा २०४ अंशांना १ तास भाजतात. ७०७५ चा टी६ टेंपर (उष्णता देऊन आणलेला कडकपणा) १२० अंशांच्या आसपास तयार होतो. त्या बुशाला २०४ दाखवलेत तर लेप झकास होईल आणि धातू मऊ पडेल.
माझं मत सांगतो. बुशावर लेप देणं सोडा. पिनेवर मॉलीचं स्पटरिंग करून घ्या. निर्वात कक्षात टार्गेटवरून (मॉलीच्या चकतीवरून) मॉली उडवून थेट धातूवर बसवतात. रेझिन नाही, द्रावक नाही, अँटिमनी नाही, भाजणं नाही. थर जेमतेम १ मायक्रॉनचा. यादीतलं एकेक कलम आपोआप निकालात निघतं. स्पटरिंग समोर दिसणाऱ्या पृष्ठभागावर नीट बसतं, अरुंद भोकात नाही, म्हणून पिन. बुशाला हार्ड ॲनोडाइझ करून (विजेने ऑक्साइडचा कडक थर चढवून) आतून गुळगुळीत करा. ॲनोडाइझ खरखरीत राहिलं तर १ मायक्रॉनचा थर ते किसून काढेल. टार्गेटमध्ये भलतं काही मिसळलेलं नाही एवढं मात्र लेखी घ्या, अँटिमनी घातलेली स्पटर मॉलीसुद्धा असते.

चौकस_चष्मा:
+१. आणि जुना लेप अँटिमनीशिवाय, पाण्यावर आधारित रेझिनमध्ये मिळतो म्हणून कोणी विकायला आलं, तर वायू-उत्सर्जनाचा (निर्वातात लेपातून किती वाफा सुटतात त्याचा) अहवाल आधी मागा. १२५ अंश, २४ तास, निर्वात: वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर साचणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत. शेजारी कॅमेरा किंवा आरसा असेल तर तेवढ्यावरही समाधान मानू नका.

निर्वातवासी:
स्पटरिंगला विरोध नाही, पण एकदाच उघडणाऱ्या बिजागरीला इतका थाट कशाला? १५ टक्के मॉली मिसळलेल्या पॉलिइमाइडचा (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) बुश बसवा. लेपच नको. पॉलिइमाइडमध्ये फ्लोरिन नाही, म्हणजे पीफासही नाही. झिजला तरी आत तेच निघतं.

जुना_फिटर:
आणि थंडीत? पॉलिइमाइड टायटॅनियमच्या कित्येक पट आकसतं. सावलीत बुश पिनेला आवळून धरणार. जमिनीवर ओल शोषून फुगतं ते वेगळंच. मोकळीक जास्त ठेवली तर पॅनेल डुगडुगणार. मी असे बुश घासून बसवले आहेत, मला शिकवू नका.

निर्वातवासी:
मोकळीक काढायची असते, घासायची नसते. असो, तुमचं चालू द्या.

घसरगुंडी:
बघा, टेफ्लॉनला नावं ठेवणारे आता आपसात भांडतायत.

उडती_बिजागरी:
स्पटरिंग पटतंय. फक्त जमिनीवरच्या चाचण्यांत बिजागरी पुष्कळ वेळा उघड-मीट होते, त्यात काही अडचण? साध्या हवेतच करतो.

निर्वातवासी:
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! दमट हवेत स्पटर मॉली भराभर झिजते. गॅलिलिओ यान आठवा. १९८९ मध्ये सुटलं, एप्रिल १९९१ मध्ये मोठा अँटेना छत्रीसारखा उघडायला गेले तर काड्या अडकल्या. चौकशीत निघालं ते असं: कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा ट्रकवरून झालेल्या प्रवासांत टायटॅनियमच्या पिनांवरची मॉली घासून गेली होती, आणि निर्वातात उघडा धातू धातूला धरून बसला. तुमचीही पिन टायटॅनियमचीच आहे.

जुना_फिटर:
चाचण्या कोरड्या नायट्रोजनमध्ये करा. पार्ट ठेवायचा तोही नायट्रोजनमध्ये. नेताना बिजागरी पक्की आवळा, थरथरू देऊ नका.

उडती_बिजागरी:
पॅनेल मावेल एवढी नायट्रोजनची पेटी आमच्याकडे नाही.

जुना_फिटर:
मग पिनांचे दोन संच करा. चाचणीचा वेगळा, उडणारा वेगळा. दोन्ही एकाच बॅचमध्ये स्पटर करून घ्या.

चौकस_चष्मा:
पिन बदलली की जुळणी बदलली. मग चाचणी झाली ती कोणत्या बिजागरीची? रिव्ह्यूत कोणीतरी हे विचारणारच.

जुना_फिटर:
विचारू दे. नवी पिन बसवल्यावर दोन-चारदा हळू उघडायची, दर वेळी टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मोजायचा, आकडे चाचणीच्या पिनेशी ताडून दाखवायचे. पिनेभोवती नायट्रोजनची नळी सोडून पातळ पिशवी बांधली तरी तेवढ्यापुरतं भागतं. स्प्रिंगचा टॉर्क घर्षणाच्या किती पट ठेवलाय?

उडती_बिजागरी:
तो आकडा दुसऱ्या टीमकडे आहे. विचारून सांगतो.